नववीच्या वर्गातला खटला

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डोव्हर या लहानशा गावी 2004 साली शाळेच्या ग्रंथालयाला एकाच पुस्तकाच्या साठ प्रती भेट मिळाल्या. पुस्तकाचे नाव 'ऑफ पांडाज अँड पीपल'. देणगीदार कोण, ते कुणी सांगेना. एरवी शाळेला पुस्तके देणाऱ्याचा गावात सत्कार होतो. इथे मात्र वर्षभराने त्या प्रतींचे पैसे कुठून आले, हे एका न्यायाधीशाला आपल्या आसनावरून स्वतः विचारावे लागले. शाळा मंडळाच्या एका सदस्याने आपल्या चर्चमध्ये 850 डॉलर गोळा केले होते. तो चेक मंडळाच्या अध्यक्षांच्या वडिलांच्या नावे निघाला होता. आणि खटल्यापूर्वीच्या जबानीत या सदस्याने आणि अध्यक्षांनीही शपथेवर कानांवर हात ठेवले होते.

'किट्झमिलर विरुद्ध डोव्हर एरिया स्कूल डिस्ट्रिक्ट' या नावाने हा खटला ओळखला जातो. प्रस्तुत पुस्तक त्याच्याभोवती रचलेले आहे. उत्क्रांतीवर मराठीत चांगली पुस्तके आहेत, डार्विनची चरित्रेही आहेत. पण उत्क्रांतीला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे नेमके काय, त्यांच्यातले शिकलेसवरलेले लोक काय मुद्दे मांडतात आणि ते मुद्दे कुठे तोकडे पडतात, हे सविस्तर सांगणारे लेखन आपल्याकडे फारसे नाही. आपण एक तर विरोधकांना अडाणी ठरवून मोकळे होतो, नाही तर 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' म्हणून विषय मिटवतो. लेखिकेने यातले काहीच केलेले नाही. तिने साक्षी आणि उलटतपासण्या मुळातून वाचल्या आणि त्या आपल्यापुढे ठेवल्या.

हकिगत थोडक्यात अशी. 18 ऑक्टोबर 2004 रोजी डोव्हरच्या शाळा मंडळाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव केला, की डार्विनच्या सिद्धांतातल्या उणिवा आणि 'इंटेलिजंट डिझाइन'सारखे (सजीव कुण्या बुद्धिमान कर्त्याने योजून घडवले, असे सांगणारे) पर्याय मुलांच्या नजरेस आणून द्यावेत. विरोधात मत देणाऱ्यांपैकी एका दांपत्याने त्याच रात्री राजीनामा दिला. नववीच्या जीवशास्त्राच्या तासाला वाचायचे एक छोटे निवेदन तयार झाले. त्यात म्हटले होते, की डार्विनचा सिद्धांत हा केवळ सिद्धांत आहे, त्यात पुराव्यावाचून राहिलेल्या फटी आहेत, दुसरी बाजू ज्यांना हवी त्यांच्यासाठी ग्रंथालयात 'पांडाज' ठेवले आहे, आणि मन मोकळे ठेवावे. शिक्षकांनी ते वाचायला लेखी नकार दिला. विद्यार्थ्यांपुढे जाणूनबुजून विषयाची खोटी मांडणी करायची नाही, असा त्यांच्या राज्याच्या आचारसंहितेत नियम आहे. त्यांनी तोच पुढे केला. अखेर जानेवारी 2005 मध्ये प्रशासनातली माणसे वर्गात आली, त्यांनी निवेदन वाचले आणि ती निघून गेली. तोवर अकरा पालक न्यायालयात पोचले होते.

मन मोकळे ठेवायला कुणाची हरकत असणार? या चळवळीचे सगळे कसब या एका वाक्यात आहे. मागणी अशी करायची, की नाकारणारा माणूसच कोत्या मनाचा दिसावा. पण रसायनशास्त्राच्या, भूगोलाच्या तासाला हे निवेदन नव्हते. अणूच्या सिद्धांताबद्दल मन मोकळे ठेवा, असे डोव्हरमध्ये कुणी सुचवले नाही. तसेच 2002 मध्ये याच शाळेतले, एका विद्यार्थ्याने रंगवलेले मानवी उत्क्रांतीचे मोठे भित्तिचित्र बाहेर नेऊन जाळण्यात आले होते. मोकळ्या मनाची ही पूर्वपीठिका लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

यामागे जुनी परंपरा आहे. 1925 मध्ये टेनेसीतल्या डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकवल्याबद्दल शंभर डॉलर दंड झाला. त्या खटल्यावर नाटक-सिनेमे झाले, त्यामुळे तो आपल्याकडेही थोडाफार माहीत असतो. 1968 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्क्रांती शिकवण्यावरची बंदी घटनाबाह्य ठरवली. मग पवित्रा बदलला: बंदी नको, पण जोडीला 'सृष्टिनिर्मितीचे विज्ञान'ही शिकवा. 1987 मध्ये, लुइझियानाच्या कायद्याविरुद्धच्या खटल्यात, तेही गेले. सरकारी शाळेत धर्माचा प्रचार करता येत नाही आणि हा प्रचारच आहे, असे न्यायालय म्हणाले.

इथून पुस्तकातले सर्वांत वाचनीय प्रकरण सुरू होते. ते एखाद्या रहस्यकथेसारखे उलगडत असल्याने सगळे इथे सांगत नाही, पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पालकांच्या वकिलांनी 'पांडाज'च्या प्रकाशकाकडून पुस्तकाचे जुने कच्चे खर्डे मागवून घेतले. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका बार्बरा फॉरेस्ट ते चाळत बसल्या. सुरुवातीच्या खर्ड्यांत जागोजाग 'क्रिएशन' म्हणजे सृष्टिनिर्मिती होती. 1987 चा निकाल लागला, आणि त्यानंतरच्या खर्ड्यात सुमारे दीडशे ठिकाणी 'क्रिएशन'च्या कुळातले शब्द जाऊन 'डिझाइन'च्या कुळातले आले होते. व्याख्या तीच, वाक्ये तीच, स्वल्पविरामही तेच. एका ठिकाणी तर घाईत जुना शब्द पुरता पुसलाच गेला नव्हता. 'क्रिएशनिस्ट्स'च्या पोटात 'डिझाइन प्रपोनंट्स' घुसवताना 'सीडिझाइन प्रपोनंटसिस्ट्स' असे काहीतरी टंकले गेले होते. नवा म्हणून मांडलेला सिद्धांत नवा नव्हता, एवढे सिद्ध करायला यापेक्षा जास्त काही लागले नाही.

लबाडी उघडी पडली म्हणजे युक्तिवाद आपोआप खोटा पडतो असे मात्र नाही. वकिली पुराव्याने खूश होणाऱ्या वाचकाने इथे जरा थांबावे. 'डिझाइन'वाल्यांच्या बाजूने मायकेल बीही उभे होते. ते लीहाय विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक. पृथ्वीचे वय काही हजार वर्षे मानणाऱ्यांतले ते नव्हेत. सर्व सजीवांचा पूर्वज एक आहे, हे त्यांना मान्य आहे. 1996 मध्ये 'डार्विन्स ब्लॅक बॉक्स' या पुस्तकात त्यांनी मांडलेला आक्षेप एवढाच, की पेशीतली काही यंत्रणा अशी असते, जिचा एक भाग काढला की सगळेच बंद पडते. उंदराच्या सापळ्यातली स्प्रिंग काढा, सापळा काही उंदराचा चौथा हिस्सा पकडत नाही. नैसर्गिक निवड तर उपयोगी पडेल तेवढेच राखते. मग अर्धवट, निरुपयोगी टप्प्यांतून अशी यंत्रणा घडली कशी? त्यांचे आवडते उदाहरण जिवाणूच्या कशाभिकेचे: पेशीच्या आवरणात बसवलेली, गरगर फिरणारी, तीस-चाळीस प्रथिनांची जणू मोटारच.

प्रश्न चांगला आहे. डार्विननेही तो स्वतःला विचारला होता. अगणित लहान टप्प्यांतून घडू शकलेच नसते असे एक जरी अंग दाखवले, तर आपला सिद्धांत कोसळेल, असे त्याने 1859 च्या ग्रंथात लिहून ठेवले. बीहींनी त्या आव्हानाला हात घातला, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. लेखिका त्यांच्याकडे थोडी उपहासाने पाहते, ते मला पटलेले नाही.

उत्तर केनेथ मिलर यांनी दिले. ते ब्राउन विद्यापीठात पेशीजीवशास्त्र शिकवत, आणि डोव्हरच्या शाळेत लागलेल्या जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचे ते सहलेखक. काही जिवाणूंत एक सूक्ष्म पिचकारी असते. तिच्यातून ते आपले विषारी पदार्थ दुसऱ्या पेशीत सोडतात. प्लेगच्या जिवाणूत ती आहे. 1897 मध्ये ज्याने पुणे रिकामे केले, तोच हा जिवाणू. या पिचकारीतली सुमारे दहा प्रथिने कशाभिकेच्या बुडाशी असलेल्या प्रथिनांची सख्खी भावंडे आहेत. म्हणजे मोटारीचे बहुतेक भाग काढून घेतले तरी उरलेले भाग निरुपयोगी ठरत नाहीत, फक्त काम वेगळे करतात. पिचकारी आधीची की कशाभिका, यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि 'डिझाइन'वाले त्याचा आधार घेतात. पण त्याने मूळ मुद्दा हलत नाही. अर्धवट यंत्र कोणत्याच कामाचे नसते, हे त्यांचे गृहीतकच चुकीचे निघाले. निसर्ग एका कामासाठी घडलेली वस्तू दुसऱ्या कामाला जुंपतो. मिलर यांनी याच मुद्द्यासाठी मोडक्या सापळ्याचा टायपिन करून दाखवला होता.

बीहींची उलटतपासणी मात्र मूळ पानांतच वाचावी. आपल्या प्रतिकारशक्तीची यंत्रणा कशी उत्क्रांत झाली असावी, याचे विज्ञानाकडे उत्तर नाही, असे त्यांनी लिहिले होते. वकिलाने त्यांच्यासमोर त्या विषयावरचे 58 शोधनिबंध, नऊ पुस्तके आणि पाठ्यपुस्तकांतली प्रकरणे एकावर एक रचून ठेवली. बीहींनी ती सगळी वाचलेली नव्हती. तरीही हा पुरावा आपल्याला पुरेसा वाटत नाही, असे ते म्हणाले. नंतर विज्ञानातल्या सिद्धांताची त्यांची व्याख्या तपासली गेली. त्या व्याख्येत फलज्योतिष बसते का, असा प्रश्न आला. बसते, असे त्यांना कबूल करावे लागले.

न्यायालयात त्यावर हशा पिकला असेल. आपण हसताना जरा जपूनच हसावे. 2001 मध्ये आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगानेच ज्योतिषाचे अभ्यासक्रम काढायचे ठरवले होते. पण फलज्योतिषाच्या बाजूने एक गोष्ट म्हणता येते: त्याला परीक्षेला बसवता येते. 2008 मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते करून पाहिले. मुलगा हुशार की मतिमंद, एवढेच पत्रिकेवरून सांगायचे. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहिल्या, आणि 46 टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी तेवढीच आली असती. ज्योतिष नापास झाले, पण नापास व्हायला परीक्षा तरी द्यावी लागते. 'डिझाइन' तीही देत नाही. कर्ता कोण, त्याने केव्हा काय केले, कसे केले आणि पुन्हा काय करणार नाही, यातले काहीच ते सांगत नाही. काहीही सापडले तरी 'त्याने तसेच योजले होते' हे म्हणता येतेच.

याच्या नेमके उलट उदाहरण मिलर यांनी दिले, आणि मला या खटल्यातले ते सर्वांत मोलाचे वाटते. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या चोवीस जोड्या असतात, आपल्यात तेवीस. पूर्वज एकच असेल, तर एक जोडी गेली कुठे? गुणसूत्राचा अख्खा तुकडा गळून पडला तर सजीव जगणारच नाही. तेव्हा दोन गुणसूत्रे एकमेकांना चिकटून एक झाली असली पाहिजेत. झाली असतील तर खुणा सापडल्या पाहिजेत. गुणसूत्राच्या टोकांना विशिष्ट अक्षरक्रमाची पुनरावृत्ती असते. ती टोकालाच असते, मध्ये सहसा नाही. शिवाय गुणसूत्रबिंदू असतो, तोही एकच. सांधलेल्या गुणसूत्रात टोकाची खूण मध्यावर दिसायला हवी आणि दुसऱ्या गुणसूत्रबिंदूचे अवशेष कुठेतरी मिळायला हवेत. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात या दोन्ही गोष्टी मिळाल्या. टोकांची खूण मध्येच, एकमेकांकडे तोंड करून. आणि निकामी झालेला गुणसूत्रबिंदू नेमका जिथे असायला हवा तिथे. हे मिळाले नसते तर एक पूर्वज असल्याच्या कल्पनेला धक्का बसला असता. ती जोखीम उत्क्रांतीने घेतली होती.

आता एक फाटा फोडतो, कारण मराठी वाचकाला तो जवळचा वाटेल. घड्याळ दिसले की घड्याळजी असणारच, तशी सृष्टी दिसली की कर्ता असणारच, हा युक्तिवाद विल्यम पेलीच्या 1802 मधल्या ग्रंथापासून सांगायची पद्धत आहे. लेखिकाही तिथूनच सुरुवात करते. आपल्या नैयायिकांनी तो कितीतरी आधी मांडला होता: घट आहे म्हणजे कुंभार आहे, जग हेही कार्यच, म्हणून त्यालाही कर्ता आहे. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त ईश्वराच्या अस्तित्वाचा हाच पहिला हेतू सांगितला. आणि उदयनाच्याही आधी, सातव्या शतकात, बौद्ध पंडित धर्मकीर्तीने त्यावर घाव घातला होता. घट मातीचा विकार आहे आणि तो कुंभार करतो. वारूळही मातीचाच विकार आहे. मग तेही कुंभारानेच केले म्हणायचे का? कुंभार घडा घडवताना आपण पाहिलेला असतो, म्हणून घडा पाहून कुंभाराचे अनुमान निघते. नुसत्या मातीच्या आकारावरून निघत नाही. नवव्या शतकातल्या जैन आचार्य जिनसेनांनीही सृष्टिकर्त्याची कल्पना 'महापुराणा'त निकराने खोडली आहे. या सगळ्यांना जनुकाचा पत्ता नव्हता. पण अनुमान कुठे लंगडते, हे त्यांना अचूक दिसले होते. पुढच्या आवृत्तीत पेलीच्या आधी हे दोन-तीन परिच्छेद यावेत.

हा वाद देव मानणारे आणि न मानणारे यांच्यातला आहे, अशी समजूत दोन्ही बाजूंच्या उत्साही मंडळींना सोयीची असते. डोव्हरच्या नोंदी पाहिल्या की ती टिकत नाही. मिलर श्रद्धाळू कॅथलिक आहेत. पालकांच्या बाजूने जॉन हॉट हे कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ साक्षीला आले होते. ते उदाहरण देत: चुलीवर पाणी उकळते आहे. का, तर रेणूंची हालचाल वाढली म्हणून. आणि मला चहा हवा आहे म्हणूनही. दोन्ही उत्तरे खरी, पण दुसरे उत्तर पहिल्याच्या जागी घालता येत नाही, असे ते समजावत. न्यायाधीश जॉन जोन्स हे लुथरन चर्चचे, रिपब्लिकन पक्षाचे आणि 2002 मध्ये धाकट्या बुश यांनी नेमलेले. त्यांच्याकडून मंडळाला आशा असणे स्वाभाविक होते. 20 डिसेंबर 2005 रोजी त्यांनी 139 पानांचा निकाल दिला: 'इंटेलिजंट डिझाइन' हे विज्ञान नव्हे, ते धार्मिक मुळापासून तोडता येत नाही, आणि आपल्या धर्मनिष्ठेचा अभिमान मिरवणारी माणसे साक्षीच्या पिंजऱ्यात खोटे बोलली. निकालानंतर त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, काही काळ पोलिस संरक्षण घ्यावे लागले. त्याआधीच, नोव्हेंबरच्या निवडणुकीत, उभे राहिलेले मंडळाचे आठही सदस्य पडले होते. नव्या मंडळाने अपील केले नाही. वादींचा दहा लाख डॉलरचा खर्च तेवढा शाळेच्या माथी आला.

इथे लेखिकेशी माझा मतभेद आहे. निकालाचे तिने केलेले स्वागत मला जरा जास्त वाटते. अपील न झाल्यामुळे हा निकाल मध्य पेनसिल्व्हेनियाच्या त्या एका जिल्हा न्यायालयापुरताच बांधील राहिला. शिवाय न्यायाधीशाने उत्क्रांती खरी ठरवली म्हणून ती खरी होत नाही. 1925 मध्ये डेटनच्या न्यायालयाने स्कोप्सला दोषी ठरवले, म्हणून ती खोटी झाली नव्हती. या खटल्याचे मोल निकालात कमी आणि साक्षींत जास्त आहे. भाषणात, टीव्हीवर, सभेत माणूस काहीही बोलून सुटतो. इथे एकेकाला शपथ घालून तासन् तास विचारता आले, आणि उत्तर आले नाही तर तेही नोंदले गेले.

आपल्याकडे अशी नोंद कधी झाली नाही. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादेत एका वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही आणि शाळांतून हे बदलले पाहिजे. हेच गृहस्थ पूर्वी मुंबईचे पोलिस आयुक्त होते. न पाहिलेला गुन्हा खुणांवरून शोधणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांच्याकडून हा आक्षेप यावा! देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निषेध केला, वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी आपल्या सहकाऱ्याला आवरते घ्यायला सांगितले, आणि विषय तिथेच संपला. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. तेव्हा कुणी डार्विनवर हल्ला केला नाही. अभ्यासाचा भार कमी करायचा होता म्हणे. अठराशेहून जास्त वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी पत्र लिहिले. ज्या मुलांनी अकरावीला जीवशास्त्र घेतले नाही, त्यांना आता उत्क्रांती भेटणार कुठे, हा त्यांचा प्रश्न होता. डोव्हरच्या मंडळाने निदान ठराव तरी केला होता, म्हणून त्याला न्यायालयात खेचता आले. भार कमी करण्याविरुद्ध कोण दावा लावणार?

आपल्या राज्य मंडळाच्या 2018 च्या दहावीच्या पुस्तकात मात्र विज्ञानाच्या दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. त्यात अक्कलदाढ, माकडहाड ही अवशेषांगे आहेत, आणि जोडणारे दुवे म्हणून पेरीपॅटस, लंगफिश, प्लॅटिपस आहेत. तो शिकवणाऱ्या शिक्षकांच्या हाती हे पुस्तक पडावे. दशावतारात उत्क्रांतीच सांगितली आहे, असे वर्गात कुणी ना कुणी म्हणतेच. तेव्हा कासवानंतर वराह का आणि कसा, हे तिथे कुठे सांगितले आहे, एवढे विचारायला त्यांना याचा उपयोग होईल.

शेवटी एक तक्रार. 'पांडाज'मध्ये म्हटले होते, की जमिनीवरचे सस्तन प्राणी आणि देवमासे यांच्यामधले जीवाश्म नाहीत. पुराजीवशास्त्रज्ञ केविन पेडियन यांनी न्यायालयात ते एकेक करून दाखवले. लेखिकेने पाकिस्तानातल्या जीवाश्मांची नोंद घेतली आहे, पण आपल्या कच्छमधल्या प्राचीन देवमाशांची घेतलेली नाही आणि जम्मूतल्या कालाकोटच्या इंडोहायसचीही नाही. इंडोहायसचे जीवाश्म असलेले तिथले दगड ए. रंगराव या भूवैज्ञानिकाने जमवले होते. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते हान्स थेविसन या संशोधकाकडे सोपवले. काम चालू असताना सहायकाच्या हातून एक कवटी चुकून फुटली आणि कानाच्या हाडाची जाड भिंत दिसली. तशी भिंत तोवर फक्त देवमाशांच्या कुळातच माहीत होती. मांजराएवढा, हरणासारख्या पायांचा, सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा हा प्राणी. शोध 2007 मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे डोव्हरच्या निकालानंतर दोन वर्षांनी. खटल्यात तो येणे शक्य नव्हते, पुस्तकात यायला हरकत नव्हती. पाठ्यपुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत पेरीपॅटसच्या शेजारीही त्याला जागा द्यावी, असे मला सुचवायचे आहे.